‘घरी पडले’ असे सांगू नका

मिरज म्हणजे दवाखान्यांचे गाव. डॉ. वॉन्लेस यांनी 1894 साली येथे मिशन हॉस्पिटल काढले, तेव्हापासून दूरदूरचा रुग्ण मिरजेची वाट धरतो. पुढे मिरज-सांगलीत आणि तिकडे साताऱ्यातही गल्लोगल्ली नर्सिंग होम झाली. पाटीवर नाव डॉक्टरांचे. रुग्णाला उठवणारी, न्हाऊ घालणारी, त्याचे भांडे उचलणारी मावशी मात्र पुष्कळदा आपल्याच वस्तीतली.

ही मावशी पडते कशी? फिनेलचे पाणी वाळायच्या आत हाक येते. न्हाणीत साबणाचा फेस, पायात झिजलेली रबरी चप्पल. रात्रपाळीला एकटीने जड रुग्ण खाटेवरून उतरवताना त्याचा तोल गेला की तीही त्याच्यासोबत जाते. रुग्णाला सोडून स्वतःला सावरणे तिला जमत नाही. पडताना हात टेकला की मनगट मोडते. पन्नाशीच्या बाईचे तर लवकरच.

मग प्लास्टर होते, कधी त्याच दवाखान्यात, फुकट. आणि कोणीतरी हळूच म्हणते, ‘मावशी, घरी पडले म्हणून सांगा.’ मावशी सांगते. नोकरी जाण्याची भीती खोटी नाही. आम्ही तिला नावे ठेवणार नाही. पण केसपेपरवर ‘घरी’ हा शब्द गेला की भरपाईची वाट फार अवघड होते.

बाबासाहेब 1942 ते 1946 मजूरमंत्री होते. त्याच काळात, 1943 साली, कामगारांच्या आरोग्य विम्याची योजना आखण्याचे काम प्रा. अदारकर यांच्याकडे दिले गेले. त्यातूनच पुढे 1948 चा राज्य कामगार विमा कायदा आला. अपघात भरपाईचा कायदा 1923 चा. 21 नोव्हेंबर 2025 पासून दोहोंची जागा सामाजिक सुरक्षा संहितेने घेतली आहे. पगारातून ई.एस.आय. कापला जात असेल तर कामावरच्या दुखापतीत घरी बसावे लागलेल्या काळात पगाराच्या सुमारे 90 टक्के रक्कम मिळते. ई.एस.आय. नसेल आणि तीन दिवसांहून अधिक काम बंद पडले, तर भरपाई मालकाने द्यायची. बाई ठेकेदाराने लावली म्हणून दवाखाना सुटत नाही.

म्हणून भगिनींनो, पहिल्याच केसपेपरवर ‘कामावर असताना, अमुक वाजता, अमुक ठिकाणी पडले’ एवढे लिहून घ्या. लिहिता येत नसेल तर शिकलेल्या लेकीला सोबत न्या. मालकाला लेखी कळवा, पोच घ्या. त्या पाळीला सोबत कोण होते ते टिपून ठेवा. आम्ही कारकुनी करणारी माणसे. तोंडी सांगितलेले टेबलावर टिकत नाही, हे रोज पाहतो. अर्ज लिहायचा असेल तर रविवारी वंदनेनंतर विहारात या.

दवाखानेवाल्यांकडे मागणी फार नाही. न घसरणारी चप्पल, न्हाणीत धरायला दांडा, आणि रात्री जड रुग्णाला दोघी.