गाणे आपले, खोली कुणाची?

१४ एप्रिलला महिना-दीड महिना उरला की डहाणू-तलासरीच्या पाड्यापाड्यांतून आम्हाला फोन येऊ लागतात. "दादा, बाबासाहेबांवर गाणं केलंय, रेकॉर्ड कुठं करू?" पूर्वी आम्ही वसई-विरारकडचा नाहीतर वापीकडचा एखादा स्टुडिओ सांगून मोकळे व्हायचो. पोरं चिकूच्या वाडीतली नाहीतर कंपनीतली मजुरी साठवून तासाच्या भावाने पैसे मोजायची.

अशाच एका पोराबरोबर आम्ही गेलो होतो. गाणे महाडच्या सत्याग्रहावर होते. रेकॉर्डिंग करणाऱ्याने त्याला तीनदा थांबवले, कारण तो "पानी" म्हणत होता. "शुद्ध बोल, पाणी म्हण." चौथ्या वेळी पोरगा पाणी म्हणाला, पण गाण्यातला जोर गेला तो गेलाच. १९२७ साली चवदार तळे शेणा-गोमूत्राने शुद्ध करून घेणारे गेले. आपल्या तोंडचे पाणी शुद्ध करून घेणारे अजून आहेत. निघताना आम्ही कच्च्या फाइल मागितल्या, म्हणजे आवाज, ढोलकी, कीबोर्ड सगळे वेगवेगळे. "त्या देत नसतो" असे उत्तर आले. त्या स्टुडिओचे नाव इथे लिहीत नाही, कारण असा तो एकटा नाही.

मित्रांनो, हा प्रश्न आपल्या चळवळीला नवा नाही. 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊ करूनही 'केसरी'ने छापली नव्हती, हे आपण भाषणांतून नेहमी सांगतो. पण त्यापुढचे क्वचितच सांगतो. बाबासाहेब नुसती तक्रार करून थांबले नाहीत. त्यांनी आपला छापखाना उभा केला. भारत भूषण प्रेस, पुढे बुद्ध भूषण प्रेस. खिळे जुळवणे, शाई, कागदाची थकबाकी असल्या रटाळ गोष्टींत त्यांनी आयुष्याचा वेळ घातला. दादरचा तो छापखाना २०१६ च्या जूनमध्ये पाडला गेला तेव्हा आपण रस्त्यावर उतरलो, आणि ते बरोबरच होते. पण आजचा छापखाना कुठला? आमचे उत्तर आहे, रेकॉर्डिंगची खोली. आणि खिळे जुळवण्याइतकेच रटाळ काम त्या खोलीतही आहे. ते शिकायला आपण तयार आहोत का?

आम्ही आधी तयार नव्हतो, हे कबूल करतो. डहाणू रोड स्टेशनच्या पूर्वेला, रुळांपासून हाकेच्या अंतरावर एका कार्यकर्त्याची दहा बाय दहाची स्लॅबची खोली मिळाली. वर्गणी जमली. ती सगळी आम्ही मोठ्या स्पीकरांवर घालवली. ते दोन कोपऱ्यांत ठेवले आणि खोलीच्या मधोमध खुर्ची टाकून पहिले भीमगीत मिक्स केले. खोलीत ते छान वाजले. विहारासमोरच्या मंडपात लावले तेव्हा नुसते ढुम ढुम. पुढे बसलेल्या एका आजीने विचारले, "पोरगा काय म्हणला रं?"

चूक कानाची नव्हती, जागेची होती. दहा फुटांवरच्या दोन भिंतींमध्ये साधारण ५६ हर्ट्झचा सूर अडकून घुमतो. ढोलकीच्या धुमाचा आणि बेसचा तळ याच आसपास असतो. चौरस खोलीत लांबी-रुंदी सारखी, म्हणून तोच सूर दोन्ही बाजूंनी घुमतो. भिंतींशी तो फुगतो आणि खोलीच्या बरोबर मध्यावर जवळजवळ ऐकूच येत नाही. आम्ही बसलो होतो नेमके मध्यावर. बेस ऐकू येत नाही म्हणून वाढवत गेलो, आणि तो वाढवलेला बेस मंडपात शब्दांवर चढून बसला.

आता आमची मांडणी अशी आहे. मोठे स्पीकर परत केले, पाच इंची मॉनिटरची जोडी घेतली. दोन्ही एका भिंतीजवळ, पण कोपऱ्यापासून दूर आणि डाव्या-उजव्या भिंतींपासून सारख्याच अंतरावर. दोन स्पीकर आणि ऐकणाऱ्याचे डोके मिळून समभुज त्रिकोण व्हायला हवा, आणि वरचा छोटा ट्वीटर कानाच्या उंचीला. खुर्ची मध्यावरून काढून समोरच्या भिंतीपासून पावणेचार फुटांवर आणली. खोलीच्या लांबीच्या ३८ टक्के अंतरापासून सुरुवात करा, मग वीतभर पुढेमागे सरकून पाहा. स्पीकर भिंतीपासून मीटरभर पुढे ओढला तर मागून परतणारा आवाज ८५ हर्ट्झच्या आसपासचा सूर खाऊन टाकतो. म्हणून लहान खोलीत तो भिंतीच्या जवळच बरा. बेस जास्त वाटला तर स्पीकरच्या मागे तो कमी करण्याचे बटण असते.

मग आरसा. आपण खुर्चीत बसायचे, दुसऱ्याने बाजूच्या भिंतीवरून आरसा सरकवत न्यायचा. ज्या जागी आरशात स्पीकर दिसेल तिथे गोधडी टांगायची. आईच्या जुन्या लुगड्यांच्या गोधड्या आमच्या भिंतींवर आहेत आणि "आवाज कोरा यावा" म्हणून लोक जे महागडे स्पंज विकत घेतात त्यांच्यापेक्षा त्या काही वाईट नाहीत. पण गोधडी वरचे सूर शोषते, बेस नाही. त्यासाठी कोपऱ्यांत कापसाच्या जाड गाद्या उभ्या केल्या. अंड्यांचे ट्रे चिकटवू नका, त्यांनी फारसे काहीच होत नाही. भाताच्या पेंढ्याच्या गोणीही करून पाहिल्या. उंदरांनी आठवड्यात संसार थाटला.

गंमत अशी की कारवीच्या कुडाला शेणमाती लिंपलेले जुने घर यासाठी स्लॅबपेक्षा बरे. कूड हलका, बेस त्यातून बाहेर निघून जातो, आत घुमत नाही. घरकुल योजनेतले २५ चौरस मीटरचे घर टिकाऊ खरेच, पण टणक भिंतींमुळे गाण्याला कठीण. कुडाचे घर शिल्लक असेल तर रेकॉर्डिंग तिथे करा. बाहेरचा आवाज मात्र आत येणारच. आमच्याकडे मालगाड्या येतात. आम्ही रात्री दोन गाड्यांच्या मधल्या वेळात गातो. आणि धुंदलवाडीच्या बाजूला असाल तर स्पीकर उंच स्टँडवर मोकळा ठेवू नका, पट्ट्याने बांधा. नोव्हेंबर २०१८ पासून तिथे जमिनीने किती धक्के दिले ते आपल्याला माहीत आहे.

शेवटची तपासणी मॉनिटरवर नाही, मोबाइलवर आणि विहाराच्या कर्ण्यावर करायची. कर्णा बेस वाजवतच नाही, तो मधले सूर वाजवतो आणि शब्द तिथेच राहतात. कर्ण्यावर आजीला शब्द कळला तर मिक्स झाले. जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करणाऱ्या आपल्या मित्रांना हे आवडणार नाही. पण वामनदादांची, जलशांची परंपरा शब्दाची आहे. भीमराव कर्डकांच्या जलशाला बाबासाहेब सभेपेक्षा मोठे मानत, ते आवाज मोठा होता म्हणून नव्हे.

इथवर बहुतेकांना पटेल. पुढचे आमच्यातल्याच काहींना पटलेले नाही.

हा मुलूख आदिवासींचा आहे. खोली झाली तशी वारली तारपकरी आणि लग्नात गाणाऱ्या धवलेरी बायाही आमच्याकडे येऊ लागल्या. तारपा आला आणि आमच्या कीबोर्डवाल्याने पहिले वाक्य टाकले, "हा सुरात नाही." म्हणजे पुन्हा तेच, पानी आणि पाणी! दुधी भोपळा, बांबू आणि ताडाच्या पानाचे हे वाद्य कारखान्याच्या सुरावर बनत नाही. आता नियम केला आहे: तारपा आधी रेकॉर्ड करायचा आणि कीबोर्डचा सूर त्याच्याकडे वळवायचा. तारप्यावर ऑटोट्यून नाही. शक्यतो खोलीतही नाही. तो अंगणातले वाद्य आहे, माइक घेऊन आपणच अंगणात जायचे.

मोठी अडचण कागदाची आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ध्वनिमुद्रणाचा पहिला मालक निर्माता असतो, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेतली तो. २०१२ च्या दुरुस्तीने गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीचा वाटा पक्का केला, तो सही करूनही सोडून देता येत नाही. पण धवलेरीचे गाणे पिढ्यांचे आहे, त्यावर गीतकार म्हणून कुणाचे नाव लिहिणार? पुढाकार आमचा, माइक आमचा. काहीच लिहून ठेवले नाही तर कायद्याच्या नजरेत त्या आवाजाचे मालक आम्ही ठरू शकतो. ज्या मुलखात १९४५ साली झरीच्या सभेत वारल्यांनी वेठबिगार नाकारली, तिथे आम्ही, महार वतनाची वेठ नाकारणाऱ्यांचे वारस, आवाजाचे नवे सावकार होणार?

आमच्यातला एक गट म्हणतो, खर्च आपण केला, चॅनेलवर टाकू, उत्पन्न निघाले तर वाटून घेऊ, हेतू तर चांगलाच आहे. हेतू चांगला असलेल्यांनीच आजवर दुसऱ्यांच्या नावाने बोलण्याचा उद्योग केला आहे, आणि त्यावर आपण किती लेख लिहिले! म्हणून आम्ही एक पानी करार केला. मराठीत लिहायचा, वारलीत वाचून दाखवायचा. मालकी गाणाऱ्याची, किंवा पाड्याने ठरवलेल्यांची. कच्च्या फाइल पेनड्राइव्हवर त्याच दिवशी त्यांच्या हातात. त्यांच्या होकाराशिवाय कुठेही टाकायचे नाही, आणि होकार परत घेता येईल.

मागच्या आठवड्यात एका धवलेरी आजीने करार ऐकून घेतला आणि लग्नाची दोन गाणी टाकू नका म्हणाली. ती लग्नाशिवाय ऐकायची नसतात. तिच्या देखतच ती आमच्या कॉम्प्युटरवरून पुसली. चारपैकी दोन राहिली आहेत, आणि त्या दोन्हींत तिच्या आवाजावर मालगाडीची शिट्टी आली आहे. ती पुन्हा गायला तयार आहे, पण भाताची लावणी आटोपल्यावर.