बेसवादकाची नाइट

गणपती उठले. पितृपक्षाची सक्तीची सुटी चालू आहे आणि नवरात्र तोंडावर आलं आहे. याच दिवसांत आयोजकांशी बोलणी होतात, आकडा खाली येतो आणि ऑर्केस्ट्राचा मालक वादकांची यादी पुढे घेऊन बसतो. गायकांना हात लावता येत नाही, कारण त्यांचे फोटो बॅनरवर लागलेले असतात. ढोलक, तबला, ऑक्टोपॅड यांच्यावर गरबा उभा असतो. कीबोर्ड तर लागतोच. मग पेन बेस गिटारपाशी थांबतं. "बेस कीबोर्डच्या डाव्या हातावर घेऊ," असं ठरतं आणि एका माणसाची नाइट, म्हणजे एका रात्रीचं मानधन, वाचते. मुंबई-पुण्यातच नव्हे, नाशिक, कोल्हापूर, रत्नागिरीपर्यंत हेच चालतं. आमच्या मते ही बचत चुकीच्या जागी होते, आणि ती थांबवण्याचं थोडं काम बेसवादकाच्या स्वतःच्याही हातात आहे. दोन्ही गोष्टी या वेळी मोकळेपणाने मांडायच्या आहेत.

आधी डाव्या हाताबद्दल. कीबोर्डवादकाच्या डाव्या हाताला बेस दिला की कॉर्ड उजव्या हाताकडे जातात, आणि व्हायोलिनचा किंवा बासरीचा पीस आला की कॉर्ड सुटतात. पण खरा तोटा वेगळाच आहे. आपल्या गाण्यांत खालचा आवाज एकट्या बेसचा नसतो. तबल्याचा बायाँ आणि ढोलकची धुमाची बाजू त्याच पट्ट्यात बोलत असतात. बायाँवर घसीट आली की त्या क्षणी लांबवलेला बेसचा स्वर तिला झाकून टाकतो. चांगला बेसवादक तिथे स्वर आखूड करतो, तार तळहाताने दाबतो, कधी मात्रा रिकामी सोडतो, आणि समेवर पुन्हा भरून येतो. हे ऐकत ऐकत केलेलं काम आहे. दुसऱ्या हाताने धून सांभाळणाऱ्या माणसाकडून ते कार्यक्रमभर होणं शक्य नाही, मग तो कितीही तयारीचा असो. प्रेक्षकाला नेमकं काय गेलं हे सांगता येत नाही. गाणं पातळ लागलं, एवढंच त्याला जाणवतं.

बेसबद्दल लोकांचं मत अलीकडे वाईट झालं आहे, त्याचंही कारण समजून घ्यावं. मिरवणुकीतल्या डीजेच्या भिंतींनी खिडक्या हादरवल्या, म्हाताऱ्या माणसांची छाती धडधडवली, आणि 'बेस' म्हणजे तोच त्रास असं घराघरात बसलं. त्या आवाजाचा आणि चार तारांवर गाण्याला तोलून धरणाऱ्या वादकाचा काही संबंध नाही, हे आपणच लोकांना पुन्हा पुन्हा सांगायला हवं.

आता वाद्याकडे येऊ. 1951 साली कॅलिफोर्नियात लिओ फेंडर यांनी प्रिसिजन बेस बाजारात आणला तो कामकरी वादकाची अडचण पाहूनच. त्याआधीचा उभा डबल बेस गाडीत मावत नव्हता आणि वाजत्या बँडमध्ये ऐकू येत नव्हता. फ्रेट असल्यामुळे सूर नेमका लागू लागला, म्हणून नावही तसंच पडलं. वाद्य आलं आणि वीस वर्षांच्या आत जगभरच्या स्टुडिओंत रुळलं, आपल्या हिंदी चित्रपटसंगीतातही. राहुलदेव बर्मन यांच्या ताफ्यातले टोनी वाझ यांचा बेस ज्यांनी कान देऊन ऐकला आहे, त्यांना गाण्याचा निम्मा डौल कुठून येतो हे वेगळं सांगावं लागत नाही. ए. आर. रहमान यांच्याकडे कीथ पीटर्स यांनी तेच केलं. आज मुंबईची मोहिनी डे जगभर वाजवते आहे, आणि तिचे वडीलही बेसवादकच.

आपल्या ऑर्केस्ट्रात मात्र बेसवादकापुढे एक खास अडचण असते. पुरुष गायक बहुतेकदा काळी एक किंवा काळी दोन ही पट्टी सांगतात. कीबोर्डवादक ट्रान्सपोजचं बटण दाबून मोकळा होतो. बेसवादकाला बटण नाही, त्याला अख्खा हात सरकवावा लागतो आणि खुल्या तारांचा आधार जातो. त्यातही काळी दोनचा सर्वांत खालचा सा चार तारांच्या बेसवर अर्ध्या स्वराने हुकतो, कारण जाड तार त्याच्या लगेच वर, ई स्वरावर मिळवलेली असते. पाच तारांचा बेस आपल्याकडे मिरवण्यासाठी नव्हे, तर याच कारणासाठी घ्यावा. पाचव्या तारेवर काळी दोनचा सा चौथ्या फ्रेटवर आणि काळी एकचा दुसऱ्या फ्रेटवर मिळतो. पण तो स्वर मंडपातल्या स्पीकरमधून पूर्ण उतरेल, अशी आशा धरू नका. पाचवी खुली तार सुमारे 31 हर्ट्झवर वाजते आणि भाड्याने येणारे बहुतेक संच तितके खाली पोचत नाहीत. कान तो स्वर वरच्या उपस्वरांवरून जुळवून घेतो. म्हणून बेसची कळ फिरवत बसण्यापेक्षा मिड थोडा वाढवा. स्वर ओळखू येतो तो तिथेच.

पैसे कुठे घालायचे याबाबत आमचं मत ठाम आहे: दुसऱ्या-तिसऱ्या बेसवर नव्हे. मोटाउन या अमेरिकन रेकॉर्ड कंपनीच्या असंख्य गाण्यांवर वाजवणारे जेम्स जेमरसन यांनी 1962 च्या एकाच प्रिसिजनवर, उजव्या हाताच्या एका बोटाने, वर्षानुवर्षं न बदललेल्या सपाट तारांवर आपलं बहुतेक मोठं काम केलं. प्रत्येकाने एकच बोट वापरावं असं नव्हे, पण एक वाद्य पुरतं. त्या वाद्याचा सेटअप मात्र नीट हवा. पावसाळाभर लाकडाने ओल घेतलेली असते, त्यात चार तारांचा मिळून ऐंशी किलोंच्या आसपास ताण मानेवर सतत असतो. आता, पितृपक्षात, ती मान तपासा. पहिला आणि शेवटचा फ्रेट दाबून सातव्या-आठव्या फ्रेटपाशी तार आणि फ्रेट यांच्यात किती फट आहे ते बघा. फट अजिबात नसेल किंवा डोळ्यांत भरण्याएवढी असेल, तर वाद्य कारागिराकडे द्या. मानेतला ट्रस रॉड स्वतः फिरवायचा असेल, तर एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नको. कोकणात आणि गोव्यात वाजवणाऱ्यांनी प्रत्येक कार्यक्रमानंतर तारा कोरड्या फडक्याने पुसाव्यात. खारी हवा आणि घाम मिळून तार महिन्याभरात मारतात.

त्यानंतरचा खर्च डीआय बॉक्सचा. आज बेसचा आवाज प्रेक्षकांपर्यंत जातो तो मंचावरच्या अॅम्पमधून नव्हे, तर साउंडवाल्याच्या मिक्सरमधून. बेसचा पिकअप नाजूक सिग्नल देतो. तो तसाच लांब केबलवर सोडला की वरचा आवाज गळतो आणि गुणगुण चिकटते. डीआय त्याला लांब पल्ल्यासाठी तयार करतो. साउंडवाल्याकडे असेलच, यावर अवलंबून राहू नका, स्वतःचा ठेवा. ट्रान्सफॉर्मरवाला साधा डीआय वीज मागत नाही, सहसा बिघडतही नाही आणि पिशवीच्या खिशात मावतो. आमच्या दृष्टीने नव्या अॅम्पच्या आधी तो घ्यावा. अॅक्टिव्ह बेस असेल तर नऊ व्होल्टची जादा बॅटरी बाळगा आणि वाजवून झाल्यावर केबल काढून ठेवा, कारण ती घातलेली राहिली की बॅटरी आपोआप उतरत जाते.

गुणगुणीबद्दल थोडं थांबून बोलायला हवं, कारण इथे प्रश्न जिवाचा आहे. आपल्याकडची वीज 50 हर्ट्झची आहे, आणि जाड तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरचा जी 49 हर्ट्झवर. म्हणजे विजेची गुणगुण थेट बेसच्या घरातच शिरते आणि ती फिल्टरने काढायला गेलं की स्वरही जातो. मग मंडपात कोणीतरी सुचवतो की अॅम्पच्या प्लगची अर्थिंगची पिन काढून टाका, आवाज थांबेल. हे कधीही करू नका. डीआयवरचा ग्राउंड लिफ्टचा खटका फक्त सिग्नलची अर्थ तोडतो. अॅम्पची अर्थ तुटली तर बिघाडाच्या वेळी करंट तारांवर येतो, आणि हात तारांवर, ओठ माइकला लागले की तो शरीरातून जातो. जनरेटरवर चालणाऱ्या मंडपात अर्थिंग आहेच असं धरून चालू नका. साउंड चेकच्या आधी माइकच्या जाळीला आणि बेसच्या ब्रिजला टेस्टर लावून बघायला एक मिनिटही लागत नाही. दिवा पेटला तर वाजवायला नकार द्या. असा नकार देणाऱ्या वादकाच्या पाठीशी त्याच्या मालकाने उभं राहिलंच पाहिजे.

मंचावर अॅम्प असेल तर तो फक्त स्वतःला ऐकण्यापुरता ठेवा. खुल्या जाड तारेच्या लहरीची लांबी आठ मीटरहून जास्त असते, त्यामुळे भिंतींच्या अंतरानुसार खालचा आवाज कुठे दुप्पट होतो, कुठे नाहीसा होतो. गडकरी रंगायतनसारख्या नाट्यगृहात विंगेजवळ जो स्वर घुमतो, तो दहाव्या रांगेत तसा नसणार. साउंड चेकला लांब केबल किंवा वायरलेस लावून स्वतः प्रेक्षागृहात उतरा आणि तिथून ऐका. मागे ड्रमच्या झांजा असतात, त्यांचाही विचार करा. अमेरिकेतल्या नायॉश या संस्थेच्या शिफारशीनुसार 85 डेसिबलमध्ये आठ तास चालतात, आणि दर तीन डेसिबलला ही मुदत निम्मी होते. 100 डेसिबलला ती पंधरा मिनिटांवर येते. आपले कार्यक्रम तीन तासांचे असतात. वादकांसाठीचे कानबोळे सगळे आवाज जवळपास सारख्या प्रमाणात कमी करतात आणि ते परवडणारे आहेत. बेसवादकाचे कान गेले तर बायाँशी बोलणार कोण?

आता मालकांशी. रंगमंचावरच्या ऑर्केस्ट्रांत बेसचा दर अजून तोंडीच ठरतो. दुपारी तीनला पोचून, मंडप उभा राहण्याची वाट पाहून, रात्री उशिरा बेस आणि पिशवी खांद्यावर घेऊन शेवटची लोकल गाठणाऱ्या माणसाला फक्त वाजवलेल्या तासांचे पैसे मिळतात. बोलणी करताना रक्कम, प्रवासखर्च, पोचण्याची आणि सुटण्याची वेळ, आणि अॅम्प कोण आणणार हे सगळं एका संदेशात लिहून पाठवा. बेसवादकांनीही ते मागून घ्यावं, संकोच करू नये. गोव्यात तियात्र या कोकणी नाट्यप्रकाराच्या मंचापाशी आजही ट्रम्पेट आणि ड्रमबरोबर बेसवादक बसलेला असतो, आणि कांतारांची, म्हणजे त्यातल्या गाण्यांची, साथ तिथल्या तिथे, जिवंत होते. तिथला प्रेक्षकही सामान्य माणूसच आहे आणि तिकीट काढूनच येतो. मग आपल्याला परवडत नाही, हे कारण पूर्ण खरं नाही. बजेट खरंच आखडलं असेल तर एलईडीची भिंत छोटी करा, धुराचं यंत्र परत पाठवा.

आणि नाव. जेमरसन यांचं नाव मोटाउनच्या तबकडीवर छापून यायला 1971 साल उजाडलं, मार्विन गे यांच्या 'व्हॉट्स गोइंग ऑन'मध्ये. तोवर लाखो लोकांनी त्यांचा बेस ऐकला होता आणि नाव कोणालाच माहीत नव्हतं. आपल्या मंचावर तबलजींचं, कीबोर्डवादकाचं नाव टाळ्यांत घेतलं जातं आणि "बेसवर आपले मित्र" एवढ्यावर निवेदक पुढे सरकतो. या नवरात्रात बेसवादकाला यादीत ठेवा, त्याची नाइट वेळेवर द्या, आणि मध्यंतराआधी वादकांची ओळख करून देताना त्याचं पूर्ण नाव घ्या.