रोहिणीचे पाणी आणि आपला वाटा



शेतीच्या पाण्याचा विषय काढला की आपल्या समाजात दोन उत्तरे हमखास ऐकावयास मिळतात. पहिले उत्तर असे की, बाबासाहेबांनी चवदार तळ्याचा लढा दिला, घटनेने अस्पृश्यता मोडली, नळ आपल्या दारात आला. तेव्हा पाण्याचा प्रश्न आता उरलेला नाही. दुसरे उत्तर असे की, आपण धम्मदीक्षा घेतली ती शीलासाठी व प्रज्ञेसाठी. पाट, पंप आणि पाणीपट्टी हा धर्माचा विषय नव्हे. ही दोन्ही उत्तरे चुकीची आहेत, आणि कबनूरसारख्या गावातील बौद्ध कुटुंबांना ती फार महाग पडली आहेत.

दुसऱ्या उत्तराचा समाचार आधी घेऊ, कारण ते धर्माच्या नावाने दिले जाते. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? म्हातारा, रोगी आणि प्रेत पाहून त्यास वैराग्य आले, अशी परंपरेची कथा आहे. बाबासाहेबांनी ही कथा बुद्धीस पटत नाही म्हणून नाकारली. 1957 साली प्रसिद्ध झालेल्या ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात त्यांनी जे कारण मांडले, ते नदीच्या पाण्याचे आहे. शाक्य आणि कोलीय यांच्या राज्यांमधून रोहिणी नदी वाहत असे व दोघेही तिच्या पाण्यावर शेती करीत. पाणी आधी कोणी घ्यावे आणि किती घ्यावे, यावरून दरवर्षी तंटे होत. सिद्धार्थाच्या वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी तंटा रक्तपातापर्यंत गेला आणि शाक्य संघात युद्धाचा ठराव आला. सिद्धार्थाने त्यास विरोध केला. दोन्ही बाजूंनी दोन दोन माणसे निवडावीत, त्या चौघांनी पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंटा मिटवावा, अशी त्याची सूचना होती. ती बहुमताने फेटाळली गेली, आणि त्यातूनच त्याच्यावर परिव्रज्येचा प्रसंग आला.

ज्या धर्माच्या संस्थापकाची वाटचाल शेतीच्या पाण्याच्या वाटणीवरून सुरू झाली, त्या धर्माच्या अनुयायांनी पाटाचे पाणी धर्माच्या बाहेरचे आहे असे म्हणावे काय? विहारात वंदना म्हणावी आणि पाण्याच्या सभेला पाठ फिरवावी, ही शिकवण बाबासाहेबांची नव्हे.

आता पहिल्या उत्तराकडे वळू. 20 मार्च 1927 रोजी बाबासाहेब महाडच्या तळ्यावर गेले व पाणी प्याले. त्या तळ्यावरील हक्काचा कज्जा दहा वर्षे चालला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबईच्या उच्च न्यायालयाने आपल्या बाजूने निकाल दिला. पुढे घटनेच्या पंधराव्या कलमाने सार्वजनिक विहिरी, तळी व घाट सर्वांना खुले केले. हा विजय थोर आहे. परंतु तो तहानेच्या पाण्याचा विजय आहे. भुकेचे पाणी, म्हणजे ज्यावर पीक उभे राहते ते पाणी, निराळ्या नियमाने वाटले जाते. तो नियम नीट समजून घ्या.

नदीवर बंधारा असतो. बंधाऱ्यामागे साठलेले पाणी पंपाने उचलून पाटांत व दंडांत सोडले जाते. हे काम कोठे सहकारी पाणीपुरवठा संस्था करते, कोठे खाजगी पंपाचा मालक करतो. पाण्याची पाळी मिळते ती संस्थेच्या क्षेत्रात ज्याची जमीन आहे त्याला, आणि ती किती मिळावी हे त्याच्या एकरांवर ठरते. शेतकऱ्यांनी सिंचनाचे व्यवस्थापन करावे म्हणून महाराष्ट्राने 2005 साली जो कायदा केला, त्यातही पाणी वापर संस्थेचा सभासद होतो तो लाभक्षेत्रातील जमीनधारक किंवा कब्जेदार. दहा एकरवाल्यास दहा वाटे, एकरवाल्यास एक, आणि जमीन नसलेल्यास काहीच नाही. या नियमात जातीचा उल्लेख कोठेही नाही. तो करण्याची गरजच राहिली नाही, कारण जमीन कोणाच्या हाती असावी हे जातीने कित्येक पिढ्यांपूर्वीच ठरवून टाकले होते.

आपल्या वाडवडिलांच्या हाती जी थोडी जमीन होती ती वतनाची, म्हणजे गावच्या वेठबिगारीच्या बदल्यात मिळालेली. शाहू महाराजांनी 1918 साली कोल्हापूर संस्थानात महार वतने खालसा करून ती वेठ मोडली. उर्वरित मुंबई राज्यात बाबासाहेबांनी 1928 सालापासून कायदेमंडळात त्यासाठी झगडा मांडला, आणि कायदा झाला तो त्यांच्या निधनानंतर, 1958 साली. वेठ गेली हे उत्तम झाले; पण मिळालेले तुकडे लहान होते. जो तुकडा जिराईत होता, त्याच्याजवळून पाट गेला तरी पाण्याची मालकी दुसऱ्याची राहिली.

आता आपल्याच परिसराकडे पाहा. कबनूर हे हातकणंगले तालुक्यातले, इचलकरंजीला लागून असलेले, पंचगंगेच्या खोऱ्यातले गाव. ज्या माणगावात 21 व 22 मार्च 1920 रोजी बाबासाहेबांच्या अध्यक्षतेखाली परिषद भरली आणि शाहू महाराज स्वतः तेथे आले, ते माणगावही याच तालुक्यात आहे. पंचगंगेला भोगावतीचे पाणी येते, आणि भोगावतीवरील राधानगरीचे धरण शाहू महाराजांनी रयतेसाठी सुरू केले. ते स्वातंत्र्यानंतर पुरे झाले. पावसाळ्यात बरगे काढावयाचे आणि पावसाळा सरला की ते पुन्हा घालून पाणी अडवावयाचे, ही बंधाऱ्याची रीत कोल्हापूरच्याच नावाने सगळीकडे ओळखली जाते. म्हणजे धरण सार्वजनिक, नदी सार्वजनिक, त्यावर खर्च झालेला पैसा सार्वजनिक. आणि पाण्याचा लाभ मात्र जमिनीच्या मालकाचा!

त्या लाभाचे झाले काय? ऊस. महाराष्ट्रात लागवडीच्या क्षेत्रापैकी 4 टक्क्यांहूनही कमी क्षेत्रावर असलेला ऊस सिंचनाचे सुमारे 70 टक्के पाणी घेतो, असे केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगानेच म्हटले आहे. एवढे पाणी पाजूनही जमीन सुखी नाही. अति पाण्याने हातकणंगले व शिरोळ तालुक्यांतील कितीतरी रान क्षारपड होऊन पडले आहे. एकाचे रान पाण्याने मरते आणि शेजारच्याचे पाण्यावाचून मरते, याला नियोजन म्हणावयाचे काय?

अलीकडचा प्रसंग तर आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. शहराच्या व कारखान्यांच्या सांडपाण्याने पंचगंगा नासली. 2012 साली इचलकरंजीत काविळीची साथ येऊन माणसे दगावली. तेव्हा शहराला दुसऱ्या नदीचे पाणी आणण्याच्या योजना पुढे आल्या. वारणेचे पाणी दानोळीहून आणावयाचे ठरले, तर वारणाकाठ उठला. नंतर दूधगंगेचे पाणी सुळकुडाहून आणावयाचे ठरले, तर दूधगंगाकाठ उठला. नदीकाठ म्हणतो, हे पाणी आमच्या शेतीचे. शहर म्हणते, आमच्या तहानेचे. दोघांच्याही म्हणण्यात तथ्य आहे. आम्ही फक्त एवढेच विचारतो की, या ‘आमच्या’ शब्दात आम्ही आहोत काय? काठावरच्या गावातील जमीन नसलेला बौद्ध मजूर नदीकाठच्या मोर्चात चालला, तरी त्याच्या नावे एक पाळीही नाही. ही आजची रोहिणीच होय. फरक इतकाच की, शाक्य आणि कोलीय भांडत असता तिसरा एक समाज दोघांचीही शेते कसतो आहे, आणि त्यास कोणीही सभेस बोलावीत नाही.

यावर प्रश्न केला जातो की, ज्यास जमीन नाही त्यास पाणी घेऊन करावयाचे काय? हा प्रश्न विचारणाऱ्यांना महाराष्ट्राचाच इतिहास ठाऊक नाही. 1972 च्या दुष्काळानंतर पुणे जिल्ह्याच्या पुरंदर तालुक्यात नायगाव येथे विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. तेथे पाणी एकरांवर न वाटता माणसांवर वाटले: दर माणशी अर्ध्या एकराचे पाणी, कुटुंबास अडीच एकरांहून अधिक नाही, उसास मनाई, भूमिहीनासही वाटा, आणि जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर विकला जाणार नाही. शेजारच्या सांगली जिल्ह्यात येरळा नदीवर लोकांनी स्वतः बांधलेल्या बळीराजा धरणानेही भूमिहीनांचा पाण्यावरील हक्क मान्य केला. ज्यास जमीन नाही तो आपल्या पाण्याच्या जोरावर दुसऱ्याचे रान वाट्याने कसू शकतो. आज तो रिकाम्या हाताने मालकाच्या दारात उभा राहतो. पाणी हाती असेल तर बरोबरीने बोलेल.

आणि ही मागणी आपण आज शोधून काढलेली नाही. 1942 ते 1946 या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचा कारभार पाहत असता दामोदर खोऱ्यासारख्या योजनांचा पाया बाबासाहेबांनी घातला. 1947 साली शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशनच्या वतीने घटनासमितीपुढे मांडण्यासाठी त्यांनी जे निवेदन लिहिले, त्यात शेती राज्याच्या मालकीची असावी, ती जातिभेद न करता गावकऱ्यांनी सामुदायिक रीतीने कसावी, आणि पाणी, बैल, अवजारे, खत व बियाणे पुरविणे हे राज्याचे बंधन असावे, असे स्पष्ट म्हटले आहे. ते मानले गेले नाही. मानले गेले नाही म्हणून ते चूक ठरत नाही. कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी 1959 आणि 1964 साली भूमिहीनांचे सत्याग्रह केले, ते याच विचाराच्या बळावर.

आपल्यातील काही शहाणे म्हणतात, “जिराईत तुकडा ठेवून काय उपयोग? विकून टाका, यंत्रमागावर पगार मिळतो.” बंधूंनो, माग मंदीत बंद पडतो, आणि बंद मागाचा कामगार कोठे जातो हे कबनूरात कोणास सांगावयास नको. पाणी नाही म्हणून आपण ज्या भावाने रान विकतो, तेच रान पाणी आल्यावर कोणत्या भावाने विकले जाते, याचा हिशेब एकदा मांडा. विकत घेणारा मूर्ख नसतो.

तेव्हा करावयाचे काय? पहिली गोष्ट, सातबारा काढून वाचा. आपले नाव, विहिरीतील हिस्सा आणि पिकाची नोंद बरोबर आहे की नाही ते पाहा. घरातील स्त्रीचे नावही त्यावर चढवा. दुसरी गोष्ट, संस्थेच्या क्षेत्रात जमीन असेल तर सभासदत्वाचा लेखी अर्ज करा व पोच घ्या. सहकारी कायद्याप्रमाणे पात्र माणसास पुरेशा कारणावाचून नाकारता येत नाही. तीन महिन्यांत निर्णय कळविला नाही तर तो सभासद झाला असे मानले जाते, आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील आहे. तिसरी गोष्ट, आपल्या पाण्याच्या किंवा सिंचनाच्या हक्कात कोणी अडथळा आणला, तर तो भाऊबंदकीचा तंटा समजून गप्प बसू नका. अत्याचार प्रतिबंधक कायद्याखाली तो गुन्हा आहे. आणि 1990 सालापासून बौद्धांचा समावेश अनुसूचित जातींत झाला असल्याने त्या कायद्याचे संरक्षण आपणांस आहे. चौथी गोष्ट, 2004 साली दादासाहेबांच्या नावाने सुरू झालेल्या योजनेत भूमिहीन अनुसूचित जाती व नवबौद्ध कुटुंबास चार एकर जिराईत अथवा दोन एकर बागाईत जमीन देण्याची तरतूद आहे. अर्ज करा, आणि जमिनीबरोबर पाणीही मागा.

पाचवी गोष्ट आपल्या स्वतःच्या शीलाची आहे. मिळालेले पाणी उधळण्याचा हक्क आपणांसही नाही. शेजारी पाजतो म्हणून आपणही सरी तुडुंब भरू नये. पाचट जाळू नका, ते सरीत पसरा, ओल टिकते. दोन-चार कुटुंबांनी मिळून एक पंप, एक ठिबक घ्यावे. पाण्यात समता मागणाऱ्याने पाण्यात संयम पाळलाच पाहिजे. नाही तर आपली मागणी ही केवळ नव्या मालकाची मागणी ठरेल.

सहकारी संस्थांच्या वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत भरतात. तो काळ वर्षावासाचा असतो. या वर्षावासात विहारात ग्रंथवाचन होईल तेव्हा रोहिणीचे प्रकरण वाचा, आणि ते वाचून झाल्यावर गावातील संस्थेच्या सभेची तारीख सर्वांना वाचून दाखवा. सभेला एकटे जाऊ नका, दहा जण मिळून जा, आणि एकच ठराव मांडा: पाणी माणशी वाटा. तो ठराव पहिल्या वर्षी पडेल. शाक्य संघात सिद्धार्थाचाही ठराव पडला होता. म्हणून तो चुकीचा ठरला, असे आजवर कोणी म्हटलेले नाही.