सुट्टे नाहीत, मग हिशेब कोणाच्या बाजूने?

सुट्ट्या नाण्यांअभावी रोखीचे बिल जवळच्या पूर्ण रकमेवर आणणे म्हणजे ग्राहकाची लूट, असा पक्का समज आहे. 25 पैसे आणि त्याखालची नाणी 30 जून 2011 पासून चलनातून गेली. आठ आण्यांचे नाणे कायद्याने अजून चालते, दहा रुपयांपर्यंतचे देणे त्यातून फेडता येते. पण सावंतवाडी–बांदा रस्त्यावरच्या इन्सुली गावातल्या किराणा दुकानातच काय, मुंबईच्या मॉलमध्येही त्याला कोणी विचारत नाही. म्हणजे पूर्णांकन रोज होतेच आहे. ते नियमाने व्हावे की गल्ल्यावर बसणाऱ्याच्या मर्जीने, एवढाच वाद शिल्लक राहतो.

विरोधकांचा पहिला आक्षेप असा, की दुकानदार रक्कम नेहमी वरच नेणार. पाचाच्या पटीचा हिशेब मांडला की हा आक्षेप टिकत नाही. 41 आणि 42 रुपयांचे 40 होतात, 43 आणि 44 चे 45. ग्राहकाचे एक आणि दोन रुपये सुटतात, तेवढेच दुसरीकडे चढतात. अट एकच: पूर्णांकन एकूण बिलाचे व्हावे. सुट्या वस्तूला लावले तर आठ रुपयांची वस्तू कायमची दहाची होते. कॅनडाने 4 फेब्रुवारी 2013 पासून एका सेंटच्या नाण्याचे वितरण थांबवले, तेव्हा हीच काळजी घेतली. तिथे कर धरून आलेली एकूण रक्कम, तीही रोखीने देतानाच, पाच सेंटच्या पटीत आणतात. कार्डाने देणाऱ्याचा हिशेब सेंटपर्यंत चोख राहतो. यूपीआयने पैसे देणाऱ्यालाही पूर्णांकनाचे कारण नाही.

आक्षेपात एक खरी गोष्ट मात्र आहे आणि पूर्णांकनाचे समर्थक ती सोयीने गाळतात. जीएसटी कायद्याच्या कलम 170 प्रमाणे कराच्या रकमेतील 50 किंवा अधिक पैशांचा रुपया होतो, त्याहून कमी पैसे सुटतात. हाच नियम दुकानात आणला तर काय होईल? किमती रुपयांत किंवा आठ आण्यांत असल्या, की उरणारा अपूर्णांक फक्त 50 पैशांचा, आणि तो दर वेळी वरच जाणार. याला लूटच म्हणावे लागेल. न्यूझीलंडने 2006 मध्ये पाच सेंटचे नाणे बंद केले तेव्हा असाच पेच पडला. तिथे बरोबर मधली रक्कम ग्राहकाला सोडण्याची रीत सुचवली गेली. आपल्याकडेही आठ आणे ग्राहकाचेच असावेत.

दुसरा आक्षेप: पूर्णांकन नको, टॉफी चालेल. हा तर अधिक महागडा उपाय. टॉफी म्हणजे न मागितलेला माल, वर तिच्यावर दुकानदाराचा नफा. परतीच्या पैशांऐवजी ती घेण्याचे बंधन ग्राहकावर नाही.

एसटीने येऊन इन्सुलीला उतरणाऱ्या प्रवाशाला या वादाची तिसरी बाजू ठाऊक असते. कंडक्टर तिकिटामागे बाकी लिहून देतो आणि उतरण्याच्या घाईत ती राहून जाते. एसटीने जून 2018 मध्ये भाडे पाचाच्या पटीत आणले, सात रुपयांचे पाच आणि आठाचे दहा. जानेवारी 2025 च्या भाडेवाढीत ते पुन्हा एका रुपयाच्या पटीत गेले. अकरा रुपयांच्या तिकिटावरून सुट्ट्यांची भांडणेही परतली. जुनी पद्धत मोडून काय साधले, हे कळणे कठीण. वीजबिलाचे मात्र वेगळे: महावितरण बिल दहाच्या पटीत आणते आणि फरक पुढच्या बिलात धरते. खाते असलेल्या ठिकाणी ही पद्धत उत्तम, पण वाटेवरच्या गिऱ्हाइकाचे खाते कोण ठेवणार?

पाकीटबंद मालाला तर छापील कमाल किमतीपेक्षा एक पैसाही जास्त घेता येत नाही. म्हणून अशा मालाचे बिल फक्त खालीच यायला हवे. बाकी रोखीत एकूण रकमेचे पूर्णांकन, मधली रक्कम ग्राहकाला, आणि हा नियम दुकानाच्या दर्शनी भागी मराठीत लावलेला. वैध मापन खात्याने तो सक्तीचा करावा.