विश्लेषण : ‘गुरुजी, गुणू की भागू?’ या प्रश्नाचे उत्तर शाळेने लगेच का देऊ नये?

बीडहून सोलापूरच्या रस्त्याने निघाले, की मांजरसुंब्याजवळ बालाघाटच्या डोंगरात श्रीक्षेत्र कपिलधार आहे. संत मन्मथस्वामींची समाधी आणि पावसाळ्यात कोसळणारा धबधबा ही या ठिकाणाची ओळख. कार्तिकी पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्यातून आणि शेजारच्या कर्नाटकातून इथे दिंड्या येतात. या यात्रेवर एक साधे गणित घालता येईल. परतीच्या प्रवासासाठी ५०० भाविक थांबले आहेत. एसटीच्या एका गाडीत ४४ आसने आहेत. तर गाड्या किती लागतील?

वहीतले उत्तर असते : भागाकार ११, बाकी १६. भागाकार बरोबर आहे, पण ‘११ बाकी १६’ गाड्या कोणत्याही आगारातून सुटत नाहीत. थोडा विचार करणारे मूल १२ म्हणेल. आणि यात्रा डोळ्यांनी पाहिलेले एखादे मूल म्हणेल, ‘अकरा बास झाल्या. सोळा जण उभे राहतील, गाडीमागे एक-दोनच तर होतात.’ पेपर तपासताना या तिसऱ्या मुलाचे गुण जातील. प्रत्यक्षात तिघांपैकी प्रश्नाकडे नीट पाहिले ते त्यानेच.

ही अडचण फक्त आपल्याकडचीच?

नाही. अमेरिकेत १९८३ मध्ये १३ वर्षांच्या मुलांना राष्ट्रीय चाचणीत असाच प्रश्न विचारला होता : सैनिक १,१२८, एका बसमध्ये ३६ जण, तर बस किती? सुमारे ७० टक्के मुलांनी भागाकार बरोबर केला. ‘३२ बस’ हे उत्तर मात्र जेमतेम २३ टक्क्यांनी दिले. त्याहून जास्त, म्हणजे २९ टक्के मुलांनी ‘३१, बाकी १२’ असे लिहिले.

फ्रान्समधला किस्सा तर अधिक बोलका आहे. ग्रेनोबल येथील अभ्यासकांनी दुसरी-तिसरीच्या ९७ मुलांना विचारले, ‘जहाजावर २६ मेंढ्या आणि १० शेळ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती?’ त्यातल्या ७६ मुलांनी दिलेले आकडे वापरून वय काढून दाखवले. ही मुले मठ्ठ नव्हती. शाळेत विचारलेल्या प्रश्नाला उत्तर असतेच आणि दिलेले सगळे आकडे वापरायचेच असतात, हा शाळेचाच नियम त्यांनी पाळला होता.

भारतातला ‘असर’ अहवाल २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटावर केंद्रित होता. वस्तू पट्टीच्या शून्यापाशी ठेवली, तेव्हा सुमारे ८५ टक्के मुलांना तिची लांबी सांगता आली. वस्तू थोडी पुढे सरकवून ठेवल्यावर हे प्रमाण ३९ टक्क्यांवर आले. मधल्या मुलांना पट्टी ‘वाचता’ येत होती, लांबी म्हणजे काय हे मात्र कोणी विचारायला लावले नव्हते.

मग नेमके शिकवायचे काय?

हंगेरीत जन्मलेले गणितज्ञ जॉर्ज पोल्या यांनी १९४५ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात चार पायऱ्या सांगितल्या : समस्या समजून घ्या, योजना आखा, ती राबवा आणि मागे वळून तपासा. आज ‘समस्या निराकरण कौशल्य’ म्हणून प्रशिक्षणांत जे सांगितले जाते, त्यातले बरेच इथूनच आलेले आहे. पण चार पायऱ्यांचा तक्ता भिंतीवर लावून काही होत नाही. भागाकाराच्या धड्याखाली दिलेली सगळी शाब्दिक उदाहरणे भागाकाराचीच असतात. समजून घेण्याची पहिली पायरी पुस्तकानेच चढून ठेवलेली असते.

म्हणूनच धडे सरमिसळ करून उदाहरण दिले की वर्गातून हमखास आवाज येतो, ‘गुरुजी, गुणू की भागू?’ समस्या सोडवायला शिकवणे म्हणजे या क्षणी उत्तर न देणे. ‘काय झालंय ते आधी तुझ्या शब्दांत सांग,’ एवढेच म्हणायचे आणि थांबायचे. ४० मुलांच्या वर्गात, तास संपत आलेला असताना थांबणे सोपे नाही, हे खरेच. पण ते दोन मिनिटांचे थांबणे हाच इथे धडा असतो.

ज्यांना भागाकारच येत नाही, त्यांचे काय? 

हा आक्षेप रास्त आहे. ‘असर’च्या त्याच पाहणीत तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे ४३.३ टक्के मुलांनाच जमले. आधी पाया पक्का, मग समस्या, असे शिक्षक म्हणतात ते यामुळेच. मात्र हा ‘मग’ बहुतेक मुलांच्या वाट्याला येतच नाही. शिवाय पाया आणि वापर आपोआप जोडले जात नाहीत, याचा पुरावा आता आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि सहकाऱ्यांचा अभ्यास फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. दिल्ली आणि कोलकात्याच्या बाजारांत काम करणारी १,४०० हून अधिक मुले त्यात होती. गिऱ्हाईकाचा हिशेब ती तोंडी चोख करत. शाळेच्या पद्धतीने मांडलेल्या कागदी गणितात मात्र त्यांतली बरीच अडली. उलट, शाळेत जाणारी मुले बाजारातल्या हिशेबात अडखळली.

बीड जिल्ह्यात हे वाचताना ऊसतोड कुटुंबांतली मुले डोळ्यांसमोर येतात. समजा, एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोच्या जोडीने, मुकादमाकडून ८० हजारांची उचल घेतली. टनाला ४०० रुपये दर आणि दिवसाला दोन टन तोड धरली, तर उचल किती दिवसांत फिटेल? पुस्तकी उत्तर १०० दिवस. पण अड्ड्यावर राहिलेले मूल लगेच विचारेल : दर आठवड्याची खर्ची यात धरली का? आई आजारी पडली तो खाडा? गाडी आली नाही तो दिवस? प्रश्नात काय दिलेले नाही हे ओळखणे ही समस्या सोडवण्यातली सर्वात अवघड गोष्ट, आणि ती या मुलांना अनुभवातून येते. शाळेने तिला कागदावर मांडायला शिकवले, तर हंगामाच्या शेवटी आई-वडिलांच्या हिशेबाची वही या मुलांना तपासता येईल. इथे प्रश्न केवळ गुणांचा राहत नाही.

परिसरात साहित्य काय आहे?

भरपूर. पावसाळ्यात डोंगरातून उतरणाऱ्या एखाद्या छोट्या ओघळीखाली (धबधब्याखाली नव्हे) शिक्षकांच्या देखरेखीत १५ लिटरची बादली धरायची आणि घड्याळ लावायचे. पाच सेकंदांत भरली, तर सेकंदाला तीन लिटर, तासाला १०,८०० लिटर. म्हणजे १० हजार लिटरचा टँकर तासाभरात भरेल. उन्हाळ्यात टँकरच्या रांगा पाहिलेल्या गावात हा आकडा ऐकून मुले गप्प बसणार नाहीत. बाहेर उडालेले पाणी मोजले का, दुसऱ्यांदा सहा सेकंद का लागले, एवढे पाणी वाहते तर ते मे महिन्यात कुठे जाते, असे प्रश्न येतील. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर शिक्षकांनाही माहीत नसेल. ते तसे वर्गात सांगायला हरकत नाही.

अडसर कुठे आहे?

मुख्यतः परीक्षेत. शिष्यवृत्ती परीक्षेत बुद्धिमत्ता चाचणी वर्षानुवर्षे आहे, आणि तिच्या तयारीसाठी गाइडे व शिकवण्याही आहेत. मालिका, दिशा, आरसा, घड्याळ असे ठरलेले प्रकार घोटून घेतले जातात. चार पर्यायांतला एक गोल काळा करायचा, तर ‘अकरा गाड्या, कारण सोळा जण उभे राहतील’ हे लिहायला जागाच नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० पाठांतराऐवजी विचारक्षमता तपासा म्हणते. निदान शाळेच्या घटक चाचणीत एका उदाहरणाला उत्तराइतकेच गुण कारणाला दिले, तर त्यासाठी कोणत्याही शासन निर्णयाची वाट पाहावी लागणार नाही.

वेळापत्रकाची अडचण मात्र खरी आहे. ऊसतोडीच्या गाड्या दिवाळीच्या आसपास गावातून निघतात आणि कार्तिकी पौर्णिमा त्यानंतर येते. हंगामी वसतिगृहांत राहणारी मुले सोडली, तर तोवर अनेक बाके रिकामी झालेली असतात. यात्रेचे गणित या मुलांसोबत सोडवायचे, तर ते श्रावणातच घ्यावे लागेल.