कौल कोणाचा?

मंडळी, कोकणातून आलेल्या घरांना ‘कौल लावणे’ समजावून सांगावे लागत नाही. देवाला पाकळ्या लावायच्या, प्रश्न विचारायचा आणि उजवी पडली की डावी, यावरून उत्तर घ्यायचे. आपल्याला जे दिसत नाही ते सांगणारा भरवशाचा दुवा हवा, ही त्यामागची गरज. ब्लॉकचेनच्या जगात अशा दुव्याला ‘ओरॅकल’ म्हणतात, आणि तो शब्दही जुन्या देवळांतल्या कौलावरूनच घेतलेला आहे.

स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट हा करारच, फक्त कागदाऐवजी प्रोग्रॅमच्या रूपातला. ‘विमान दोन तासांहून जास्त उशिरा आले, तर प्रवाशाला भरपाई द्या.’ अ‍ॅक्सा या फ्रेंच विमा कंपनीने २०१७ मध्ये ‘फिझी’ नावाचा असाच विमा इथेरियम ब्लॉकचेनच्या आधाराने आणला होता. अर्ज नाही, खेटे नाहीत. २०१९ मध्ये ती योजना बंद झाली, कल्पना मात्र टिकली.

पण विमान कधी उतरले हे त्या प्रोग्रॅमला कळणार कसे? ब्लॉकचेनवर एकच हिशेब अनेक संगणक स्वतंत्रपणे करून पडताळतात आणि सर्वांचे उत्तर एकच यावे लागते. प्रत्येकाने आपापल्या वेळी वेबसाइट उघडली, तर एकाला एक दिसेल, दुसऱ्याला दुसरे. म्हणून प्रोग्रॅमला बाहेर डोकावायची मुभाच नसते. बाहेरची माहिती कोणीतरी आत आणून नोंदवायची आणि सर्वांनी तीच वापरायची. ही नोंद करणारा तो ओरॅकल.

खरी मेख इथे आहे, आणि तिचे उदाहरण आपल्या ब्रेडाच्या शेजारीच सापडते. टिलबर्गच्या गाडीत बसले की वाटेत गिल्झे-रायन लागते. तिथल्या हवाई तळावरच्या केंद्रात २५ जुलै २०१९ रोजी ४०.७ अंश तापमान नोंदले गेले. देशात पाऱ्याने प्रथमच चाळिशी ओलांडली. आर्नेमजवळच्या डेलेन केंद्राने तर ४१.७ दाखवले होते, पण तिथल्या यंत्रणेत बिघाड असल्याने हवामान खात्याने, म्हणजे केएनएमआयने, तो आकडा नाकारला. समजा, ‘४१ अंश ओलांडले की पैसे द्या’ असा स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट डेलेनच्या आकड्याला थेट जोडलेला असता, तर माणसांची तपासणी पुरी होण्याआधीच पैसे गेले असते. आणि ब्लॉकचेनवरून गेलेले पैसे परत फिरवणे महाकठीण.

आता गावाकडे वळू. महाराष्ट्रातला हवामानावर आधारित फळपीक विमा ब्लॉकचेनवर नाही, पण त्याचा जीव ओरॅकलमध्येच आहे. अवेळी पाऊस, पडलेले किंवा चढलेले तापमान, वेगाचा वारा, यांचे आकडे ठरलेली मर्यादा ओलांडतात तेव्हा हापूसच्या बागायतदाराला भरपाई मिळते. आकडे येतात महसूल मंडळातल्या स्वयंचलित हवामान केंद्राकडून; राज्यात ‘महावेध’ प्रकल्पाची अशी २०००हून अधिक केंद्रे आहेत. बागायतदारांची तक्रार जुनी आहे: केंद्र खाली सपाटीला, बाग वर डोंगरउतारावर. मोहोर आमचा गळतो, आणि यंत्र म्हणते सारे ठीक आहे! इथे यंत्र खोटे बोलत नाही. ते दुसऱ्याच जागेचे खरे सांगते.

खोटे बोलायला लावणारेही असतात. अमेरिकेत कोलोरॅडोमध्ये विम्याच्या पैशांसाठी सरकारी पर्जन्यमापकच झाकून ठेवल्याचे प्रकरण कोर्टात गेले होते.

यावर चेनलिंकसारख्या जाळ्यांचा उपाय म्हणजे पंचायत. एकाला विचारायचे नाही, अनेकांना विचारायचे आणि उत्तरे क्रमाने लावून मधले घ्यायचे. पाच जणांनी ३१, ३१, ३१, ३२ आणि ९५ सांगितले, तर सरासरी ४४ येते, पण मधला आकडा ३१च राहतो. एकट्यादुकट्या लबाडाचे चालत नाही.

पण आडातच नाही, तर पोहऱ्यात कुठून येणार? पाचही जण एकाच बिघडलेल्या केंद्राचा आकडा वाचत असतील, तर पंचायत एकमताने चुकते. ऑक्टोबर २०२२ मध्ये ‘मँगो मार्केट्स’ या क्रिप्टो बाजारात (नाव आंब्याचे, आंबा मात्र नाही!) एका व्यापाऱ्याने एका नाण्याचा भाव काही मिनिटांत कृत्रिमरीत्या चढवला. ओरॅकलने तो चढलेला भाव इमानेइतबारे कळवला, त्याच्या तारणावर त्याने भरमसाट उचल केली आणि ११ कोटी डॉलरच्या आसपास रक्कम निघून गेली.

तेव्हा उद्या कोणी ‘सगळे आपोआप, माणसाचा हात नाही’ असा विमा तुम्हाला किंवा गावच्या भावाला सुचवला, तर तीन गोष्टी जरूर विचारा. आकडा कोण मोजतो? माझ्या बागेपासून तो किती लांब मोजला जातो? आणि आकडा चुकला, तर दाद कोणाकडे मागायची? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे तंत्रज्ञान देऊ शकेल. तिसऱ्यासाठी अजून तरी माणूसच लागतो, आणि तो करारात नावानिशी असलेला बरा.

सर्वांना दिवाळीच्या मनःपूर्वक शुभेच्छा. यंदा मोहोर भरघोस येवो आणि विम्याची गरजच न पडो!