पिकअपचे दिवे : उजेड किती, यापेक्षा उजेड कोठे

भाजीपाला, दूध, मासळी यांसारखा नाशवंत माल पहाटेच्या बाजारात पोहोचवावयाचा, तर छोट्या पिकअप गाडीला रात्रीच वाट चालावी लागते. गाडीच्या पुढच्या दिव्यांचा उजेड अपुरा वाटू लागला, की मालक सुट्या भागांच्या दुकानाची पायरी चढतो आणि तेथे त्याच्यापुढे एकच प्रश्न ठेवला जातो : जुना हॅलोजन बल्ब काढून त्या जागी एलईडी बसवावयाचा की एचआयडी? प्रश्न अशा रीतीने विचारला, की या दोहोंपैकी एक उत्तर बरोबर असलेच पाहिजे, असा समज होतो. वस्तुतः दोष या प्रश्नाच्या मांडणीतच आहे.

प्रथम या तीन दिव्यांचे स्वरूप पाहू. हॅलोजन बल्बमध्ये टंगस्टनची तार तापून प्रकाशते. आपल्याकडील असंख्य गाड्यांत असणाऱ्या एच-४ जातीच्या बल्बमध्ये अशा दोन तारा असतात; दूरच्या झोतासाठी ६० वॅटची आणि जवळच्या झोतासाठी ५५ वॅटची. त्यांचा प्रकाश अनुक्रमे सुमारे १६५० व १००० लुमेन भरतो. एचआयडी दिव्यात तार नसते. झेनॉन वायू आणि धातूंचे क्षार भरलेल्या लहानशा कुपीत दोन विद्युत्‌अग्रांमध्ये ठिणगीची कमान पेटते. ती पेटविण्यास क्षणभर २०,००० व्होल्टांहून अधिक दाब द्यावा लागतो. मात्र पुढे ३५ वॅटमध्ये सुमारे ३२०० लुमेन प्रकाश मिळतो. १९९१ साली हे दिवे प्रथम मोटारगाडीवर आले. एलईडीमध्ये अर्धवाहक स्फटिकातून निळा प्रकाश निघतो आणि त्यावरील पिवळसर लेपामुळे तो पांढरा दिसतो. निळ्या एलईडीच्या शोधाबद्दल आकासाकी, आमानो व नाकामुरा यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. कमी वीज आणि दीर्घ आयुष्य हे तिचे गुण निर्विवाद आहेत.

एवढ्यावरून निर्णय करावयाचा, तर हॅलोजन त्याज्यच ठरेल. परंतु गाडीचा दिवा म्हणजे केवळ बल्ब नव्हे. बल्ब, परावर्तक आणि काच मिळून एक प्रकाशयंत्र होते. परावर्तकाचा प्रत्येक भाग त्या सुमारे पाच मिलिमीटर लांबीच्या तारेचे स्थान गृहीत धरून घडविलेला असतो. एच-४ मधील जवळच्या झोताच्या तारेखाली धातूची एक चिमुकली वाटी असते. ती खालच्या बाजूस जाणारा प्रकाश अडविते. म्हणूनच झोताला वरची स्पष्ट सीमा मिळते. आपण डाव्या बाजूने गाडी चालवितो; त्यामुळे ही सीमा उजवीकडे आडवी व खाली ठेवलेली असते आणि डावीकडे वर चढते. समोरून येणाऱ्याचे डोळे दिपत नाहीत आणि डाव्या कडेचा पादचारी मात्र दिसतो, तो या योजनेमुळे.

या जागी एचआयडीची कुपी बसविली, की तारेच्या जागी कमान येते. तिचा आकार वेगळा आणि तेजाची वाटणीही वेगळी. शिवाय तिला पूर्ण तेज येण्यास काही सेकंद लागत असल्याने वरचेवर डिपर देणे तिला मानवत नाही. म्हणून स्वस्त संचात विद्युत्‌चुंबकाने कुपीच पुढेमागे सरकविण्याची युक्ती केलेली असते आणि ही सरकती जोडणी सैल झाली, की झोताचा ठाव राहत नाही. एलईडीच्या बल्बमध्ये एका पट्टीच्या दोन बाजूंवर चकत्या बसविलेल्या असतात. त्या तारेप्रमाणे सर्व दिशांना प्रकाश देत नाहीत. त्यामुळे परावर्तकाचे काही भाग अंधारात राहतात, तर काहींवर जरुरीपेक्षा जास्त प्रकाश पडतो. लुमेन वाढतात, पण ते रस्त्यावर न पडता समोरच्याच्या डोळ्यांत आणि झाडांच्या शेंड्यांवर पडतात. गाडीच्या अगदी पुढ्यातली जमीन मात्र लखलखीत दिसते आणि चालकाला वाटते, की दिवे उत्तम झाले. हा भास घातक आहे. कारण जवळचा उजेड जितका प्रखर, तितके डोळ्याला दूरच्या अंधारातले कमी दिसते.

पिकअपच्या बाबतीत याहून मोठे कारण आहे, ते ओझ्याचे. पुढच्या व मागच्या चाकांत तीन मीटर अंतर आहे आणि हौद्यात माल भरल्यावर मागचे पाटे सहा सेंटिमीटर दबले, असे समजू. गाडीचे नाक दर मीटरला दोन सेंटिमीटर वर उचलले जाते. जवळच्या झोताची सीमा मुळात दर मीटरला जेमतेम एक ते दीड सेंटिमीटर खाली उतरती असते. म्हणजे रिकाम्या गाडीचा निर्दोष झोत भरल्या गाडीत आकाशाकडे वळतो. ८० सेंटिमीटर उंचीवरच्या दिव्याची सीमा पन्नास मीटरवर सुमारे १२० सेंटिमीटरवर, म्हणजे लहान मोटारीच्या चालकाच्या डोळ्यांपाशी पोहोचते. तेथे हॅलोजनच त्रास देतो. तिप्पट प्रकाशाचा दिवा काय करील, हे सांगावयास नको. युरोपीय नियमांनी २००० लुमेनहून अधिक प्रकाशाच्या स्रोताला झोत आपोआप समपातळीत आणणारी यंत्रणा आणि काच धुण्याची सोय आवश्यक मानली, ती याच कारणाने.

मालकांची बाजू खोटी नाही. पुष्कळ रस्त्यांवर दिवे नसतात, गुरे आडवी येतात आणि समोरचे वाहन डोळे दिपवीत येते. सगळेच प्रखर दिवे लावीत असता आपणच मंद का राहावे, हा प्रश्न स्वाभाविक आहे. परंतु दिपलेला चालक समोरच्यालाच धडकण्याचा संभव असतो. म्हणून दुसऱ्याला आंधळे करून स्वतःची सुरक्षितता साधत नाही. शिवाय ८० सेंटिमीटर उंचीवरून दर मीटरला १.२ सेंटिमीटर उतरणारा झोत सुमारे ६७ मीटरवर रस्त्याला टेकतो, मग दिवा कोणताही असो. चालकाला भान येण्यास दीड सेकंद आणि ब्रेक बरे, असे धरले, तरी ताशी ६० किलोमीटर वेगाची गाडी थांबण्यास सुमारे ५३ मीटर लागतात. ८० च्या वेगाला ८२ मीटर. म्हणजे दुसऱ्या वेगात जवळच्या झोतावर जाणारा चालक न दिसणाऱ्या रस्त्यावर धावत असतो. यावर बल्ब हा उपाय नव्हे. वेग हाच उपाय आहे.

धुक्याविषयीचा समजही तपासून घ्यावा. धुक्याचे थेंब प्रकाशाच्या तरंगलांबीपेक्षा पुष्कळ मोठे असल्याने ते सर्व रंगांना जवळजवळ सारखेच विखुरतात. उत्तरेतील पौषातले धुके असो की पावसाळ्यातला घाट, तेथे रंगापेक्षा झोत खाली ठेवणे महत्त्वाचे.

तेव्हा करावे काय? प्रथम काच व परावर्तक पाहावेत. काच पिवळी किंवा परावर्तक काळा पडला असेल, तर सबंध दिवा बदलावा. नंतर बल्बपाशी पोहोचणारा दाब मोजावा. तो दहा टक्के कमी असेल, तर हॅलोजनचा प्रकाश सुमारे तीस टक्क्यांनी घटतो. जाड तारा आणि रिले घातल्यास गेलेला उजेड परत येतो. नेहमीच्या ओझ्यासह गाडी सपाट जागी भिंतीसमोर उभी करून झोत जुळवावा आणि पातळी बदलणारे बटण असल्यास ते वापरावे. एवढे करूनही एलईडी हवी असेल, तर त्या गाडीसाठी मान्यता मिळालेला संपूर्ण एलईडी दिवा घ्यावा. सुटा बल्ब घेऊ नये. जर्मनीत २०२० पासून सुट्या एलईडी बल्बांना परवानगी मिळाली, तीही चाचणी झालेल्या ठरावीक गाड्यांपुरतीच. एचआयडीचा सुटा संच तर विचारात घेण्याचे कारणच उरत नाही. समोरच्याचे डोळे दिपू नयेत असा झोत ठेवण्याचे बंधन १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतही आहे.

दिव्याची परीक्षा दुकानाच्या भिंतीवर होत नाही. समोरून येणारा सायकलस्वार डोळ्यांवर हात न धरता पुढे गेला आणि डाव्या कडेचा पादचारी वेळीच दिसला, तरच तो दिवा चांगला.